समोरासमोरचे दोन फ्लॅट : नाशिकमधल्या एका रिमेकचं प्रकरण

आमच्या फिल्मच्या पहिल्या वाचनाला सगळ्यात मोठा हशा आला तो संहितेत नसलेल्या वाक्याला. इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं बसली होती, थोडी सतरंजीवर, थोडी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. दिग्दर्शिका वाचत होती. तिळभांडेश्वर लेनमधला वाडा, दोन खोल्या, सात माणसं, नवं लग्न झालेलं जोडपं आणि मधे दोरीवर टांगलेला पडदा. नवरा काही बोलायला तोंड उघडतो आणि पडद्यापलीकडून आजी खोकते. इथे हसणं अपेक्षित होतं. कोणी हसलं नाही. मग नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी मागून अगदी भाबडेपणाने म्हणाली, "पण मग हे दोघं ओयोवर हॉटेलची रूम का नाही घेत?"

सगळा हॉल हसून हसून आडवा झाला. हसणं ओसरल्यावर लोक उत्तरासाठी आमच्याकडे बघू लागले, आणि उत्तर नव्हतं. एका प्रश्नात चाळीस पानं गेली.

हे प्रकरण त्या चाळीस पानांचं आणि त्यापुढच्या आठ महिन्यांचं आहे. मी संवाद लिहायला होतो. त्यामुळे चुकांमध्ये माझा वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आबांची हौस

पैसे आबांचे. दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, स्वतःचं लहानसं पॅकहाउस. शाळकरी वयात यात्रेतल्या तंबूत, नुकतंच लग्न झालेल्या थोरल्या बहिणीशेजारी बसून त्यांनी 'मुंबईचा जावई' पाहिला होता. राजा ठाकूर यांचा १९७० सालचा चित्रपट. मुंबईतलं चिमुकलं बिऱ्हाड, घरभर माणसं, आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. त्यातलं 'का रे दुरावा' कुठे लागलं की आबा अजूनही बोलता बोलता थांबतात.

"हाच पिक्चर, आपल्या नाशकात, आजच्या पोरांसाठी," एवढीच त्यांची मागणी होती. पहिला पिक्चर काढणारे फाळके आपल्या त्र्यंबकचे, मग आपण का मागे राहायचं, हेही त्यांनी पहिल्याच बैठकीत म्हणून घेतलं. नाशकात सिनेमाची कुठलीही बैठक फाळक्यांच्या नावाशिवाय सुरू होत नाही, आमची तरी कशी होणार!

ठरलं ते असं: तासाभराची फिल्म, यूट्यूबवर टाकायची, कलाकार सगळे राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणारे हौशी. आणि आम्ही उत्साहाने लिहायला बसलो. वकिलाकडे जायचं सुचलं ते दोन महिन्यांनी.

वकिलांचे चार रकाने

सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारे हे वकील आबांच्या ओळखीचे. त्यांनी कोऱ्या कागदावर चार रकाने आखले: चित्रपट, कथा-पटकथा, गीतं, संगीत. "तुम्ही याला एक पिक्चर म्हणता. कायदा याला चार वस्तू समजतो."

चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं. म्हणजे १ जानेवारी १९७१ ते ३१ डिसेंबर २०३०. लेखन आणि संगीताचं गणित निराळं. तिथे साठ वर्षं मोजायची ती कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून. गीतं गदिमांची. ते १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. संगीत सुधीर फडक्यांचं. बाबूजी गेले २००२ मध्ये, म्हणजे चाल २०६२ अखेरपर्यंत.

"आबा, तेव्हा तुम्ही एकशेपाच वर्षांचे असाल," वकील म्हणाले.

"नुसतं गुणगुणलं तर?" आबांनी विचारलं.

"चाल ती चालच, आबा."

रीतसर परवानगी मागायची म्हणून आम्ही दोन ठिकाणी पत्रं लिहिली. एकीकडून कळवलं की जुने कागद शोधावे लागतील. दुसरीकडून काहीच आलं नाही. त्यात कोणाची लबाडी होती असं मला वाटत नाही. अर्ध्या शतकापूर्वी 'यूट्यूबवरचा रिमेक' हा शब्द कोणी करारात लिहिणार होतं का? पण धागा हातात येत नव्हता, एवढं खरं.

वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोणीही नवा करार करताना वहीत लिहून ठेवावी. हक्क लेखीच घ्यायचे, आणि त्या कागदावर मुदत आणि प्रदेश दोन्ही नमूद करायचे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. यूट्यूबवर टाकलेली फिल्म अमेरिकेतला भाचा त्याच रात्री बघतो. म्हणजे एक ओळ विसरली की परदेशातल्या प्रत्येक प्रेक्षकापुढे आपण विनापरवाना उभे.

मग सुटका कुठे? सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला. न्यायालयाने सांगितलं, कल्पनेवर, विषयावर मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या साध्या प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तर ती नक्कल. नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, ही कोणाच्या मालकीची गोष्ट नाही. ती घराघरातली आहे.

आबांना 'नाशिकचा जावई' हे नाव तरी हवं होतं. नावावर कॉपीराइट नसतो, हे २०१५ मध्ये 'देसी बॉइज'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलेलं आहे. पण प्रेक्षकांची दिशाभूल केली असा दावा वेगळ्या वाटेने येऊ शकतो, म्हणून तेही सोडलं. थोडक्यात, रिमेक करायला निघालेल्या आमच्या हातात चित्रपट नाही, गाणं नाही, नाव नाही. राहिली फक्त एक अडचण. आणि तीही, ओयोच्या प्रश्नाने दाखवलं तसं, म्हातारी झालेली.

अडचणीचं वय

प्रेमविनोदाचा सगळा डोलारा एका अडचणीवर उभा असतो. दोघांना एकत्र यायचंय आणि काहीतरी आडवं येतंय. त्या 'काहीतरी'वर प्रेक्षकाचा विश्वास आहे तोवर पडद्याआडचा खोकलाही हसवतो.

'मुंबईचा जावई'वरून बासू चटर्जींनी हिंदीत 'पिया का घर' केला तो १९७२ मध्ये, अवघ्या दोन वर्षांनी. शहर तेच, खोलीही तेवढीच. अडचण बदलायची गरज नव्हती, भाषा बदलली की पुरे होतं. आम्ही मात्र अर्ध्या शतकाहून जास्त काळानंतर तोच पडदा टांगायला गेलो होतो.

पडद्याची युक्ती तशी फारच जुनी. फ्रँक काप्राच्या १९३४ सालच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये लग्न न झालेली दोघं एका खोलीत रात्र काढतात आणि मधे दोरीवर घोंगडी टांगतात. ती घोंगडी चालते, कारण त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात त्याहून जाड भिंत आधीच होती. उलट उदाहरण १९४० च्या 'द शॉप अराउंड द कॉर्नर'चं. एकाच दुकानात नोकरी करणारी, एकमेकांशी सतत भांडणारी दोघं नकळत एकमेकांनाच पत्रं लिहितात. १९९८ मध्ये त्याचा 'यूव्ह गॉट मेल' झाला. लोक सांगतात की पत्रांच्या जागी ईमेल आलं. मला तो बदल वरवरचा वाटतो. खरा बदल असा की दोघं आता सहकारी राहिली नाहीत. तिचं लहानसं पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याची मोठी साखळी ते गिळायला निघालीय. अडचणीला नव्या काळातला व्यवसाय मिळाला.

आम्ही पहिल्या खर्ड्यात केलं ते फक्त ईमेलवालं काम. वाडा तोच, पडदा तोच, माणसांच्या हातात मोबाइल दिले. झालं आधुनिक!

दुसरा खर्डा, जो चांगला होता आणि तरी पडला

दिग्दर्शिकेने वाडा काढून टाकला. गंगापूर रोडला प्रशस्त फ्लॅट, नवरा-बायको दोघंच. तो अंबड एमआयडीसीत पहाटेच्या शिफ्टला, ती अमेरिकेच्या वेळेवर घरून काम करते. तो उठतो तेव्हा ती झोपते. फ्रिजवर चिठ्ठ्या, अर्धा उरलेला चहा, एकाच उशीवर दोन वेगवेगळ्या वेळी दोन डोकी.

वाचायला सुंदर होता. मी स्वतः त्यावर लट्टू होतो. पण वाचनाला लोक गप्प बसले, आणि शेवटी एका काकूंनी पदराने डोळे टिपले. काकूंच्या डोळ्यांनीच निकाल दिला. आम्ही दोघांना एका चौकटीतूनच बाहेर काढलं होतं. जुन्या बिऱ्हाडात ती दोघं सतत एकमेकांसमोर असतात, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, आणि तरी पोचत नाहीत. त्यातून हसू येतं. माणसं भेटतच नाहीत, त्यातून विरह येतो. विरहाला नाशकात तोटा नाही, रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना विचारा.

एकांताची भेट

तिसरा खर्डा सुचला तो पाथर्डी फाट्याला, एका मित्राच्या घरी. त्याच्या आईवडिलांनी एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट घेतलेले, एक स्वतःला, एक मुलाला. नाशकात हे आता घरोघरी दिसतं. दोन्ही दारं दिवसभर उघडी, फक्त सेफ्टी डोअर लावलेलं, आणि वाटी-डब्यांची ये-जा चालू. मित्राची आई अभिमानाने म्हणाली, "आम्ही अजिबात लुडबुड करत नाही हो त्यांच्यात!" आणि त्याच क्षणी जाळीतून पलीकडे बघत ओरडली, "अगं, दूध उतू जातंय तुझं!"

बस, अडचण सापडली. आज एकांत मिळत नाही असं नाही. घरचे तो मिळवून देतात, प्रेमाने, वाजतगाजत, आणि पोचला का म्हणून चौकशीही करतात. आमच्या फिल्ममधले सासरे ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. पीएफच्या पैशांतून त्यांनी मुलाला समोरचा फ्लॅट घेऊन दिलाय, 'तुम्हाला तुमची स्पेस हवी' म्हणून. रविवारी सासूबाई कुलूप लावता लावता जिन्यातून सांगतात:

"आम्ही निघालो गं सोमेश्वरला! सहाशिवाय येत नाही!"

वरच्या मजल्यावरून आवाज येतो, "आज काय विशेष?"

"काही नाही हो, मुलांना जरा वेळ मिळावा म्हणून."

आत ती दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, परीक्षेला बसल्यासारखी. बिल्डिंगभर जाहीर झालेल्या एकांतात काय करायचं असतं? बऱ्याच वेळाने ती म्हणते, "चहा टाकू?"

या प्रसंगात कोणी खलनायक नाही. जुन्या गोष्टीतली ही एक गोष्ट आम्ही जाणूनबुजून जपली. कजाग सासू आणली असती तर काम सोपं झालं असतं, आणि फिल्म रोज संध्याकाळी टीव्हीवर लागतं त्यातलीच एक झाली असती.

'अहो' आणि 'ए'

माझ्या आठ महिन्यांच्या कामातून एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर मी ही ठेवीन. पहिल्या खर्ड्यात नायिका नवऱ्याला सरसकट 'अहो' म्हणत होती, जुन्या चित्रपटांतल्यासारखी. वाचन करणाऱ्या अभिनेत्रीने सांगितलं, "सर, मी माझ्या नवऱ्याला ए म्हणते. पण सासूबाई समोर असल्या की अहो. आपोआप होतं, ठरवावं लागत नाही."

मग आम्ही नियमच केला. समोरचं दार उघडं असेल तर 'अहो', बंद असेल तर 'ए'. एका वाक्यात ती म्हणते, "ए, तुला कितीदा सांगितलं ओला टॉवेल" आणि पलीकडे कडी वाजते, आणि वाक्याचं शेपूट बदलतं: "बाल्कनीत टाकत जा ना, अहो." दार दाखवायची गरज उरली नाही. ते उघडं की बंद, हे प्रेक्षकाला नुसत्या संबोधनावरून कळू लागलं. तिसऱ्या वाचनाला यावर सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या साठीच्या पुढच्या बायका. मला वाटलं होतं तरुण मुली हसतील. बहुधा 'ए'ची गंमत आयुष्यभर 'अहो' म्हटलेल्यालाच जास्त कळते.

याच अभिनेत्रीने दुसरी गोष्ट दाखवली तेव्हा मात्र मी ओशाळलो. "पहिल्या संहितेत माझ्या वाट्याला काय आहे बघा," म्हणून तिने कंसातल्या सूचना पेन्सिलने गोल केल्या होत्या. 'ती लाजते' अकरा वेळा होतं. बोलते कमी, लाजते जास्त. घरातली पोरं दाराबाहेर खिदळतात, ती लाजते. दीर काही सुचवतो, ती लाजते. हे विनोद रचले होते मी, आणि त्यांचा सगळा भार एका मुलीच्या मान खाली घालण्यावर होता. आजचा प्रेक्षक अशा वेळी पोरांकडे बघत नाही, तिच्याकडे बघतो, आणि त्याचं हसू घशातच राहतं.

तिसऱ्या खर्ड्यात लाजायचं काम आम्ही सासऱ्यांकडे दिलं. जन्मभर विमानांचे भाग मोजलेला हा माणूस 'स्पेस' हा शब्द उच्चारताना कानापर्यंत लाल होतो.

गोडी मोजायचं यंत्र

गाणं गेलं, त्याची जागा रिकामी होती. नायिकेला आम्ही पॅकहाउसमध्ये गुणवत्ता तपासणीची नोकरी दिली. आबांच्या पॅकहाउसला जाऊन आम्ही ते काम पाहिलं. ती मुलगी एका घडातले वरचे, मधले, खालचे मणी तोडते, चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकते, झाकण लावून उजेडाकडे धरते आणि एक डोळा मिटून आत बघते. निळ्या-पांढऱ्या रंगांच्या सीमेवर आकडा दिसतो, त्याला ब्रिक्स म्हणतात. गोडी त्यावर ठरते. घडाच्या वरच्या अंगाचे मणी खालच्यांहून गोड लागतात, म्हणून एका मण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

नवरा डबा द्यायला येतो. आजूबाजूला पन्नास बाया पेट्या भरतायत. ती काही न बोलता यंत्र त्याच्या हातात देते. तो चुकीच्या टोकाने बघतो. ती ते फिरवून देते. बस. संवाद लिहिणाऱ्याला सांगायला लाज वाटते, पण फिल्ममधला सगळ्यात प्रेमाचा प्रसंग हाच आहे आणि त्यात माझं एकही वाक्य नाही.

आणि ओयोचं उत्तर

तो प्रश्न टाळायचा नाही असं ठरलं होतं. दोघं खरंच बाहेर जायचं ठरवतात. घरी सांगतात, मैत्रिणीची हळद आहे ओझरला. निघतात इगतपुरीला. गाडी वडिलांच्या नावावर. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झालाय, आणि पैसे कापल्याचा मेसेज जातो तो नोंदवलेल्या मोबाइलवर. नाका ओलांडून दोन मिनिटं होत नाहीत तोच फोन:

"अरे, ओझरला घोटीवरून कधीपासून जायला लागले?"

शांतता.

"असू दे. तिकडे पाऊस असेल. आईने डिकीत स्वेटर ठेवलेत दोघांचे."

तिसऱ्या वाचनाला ती ओयोवाली मुलगी पुन्हा आली होती. यावर ती हसली, मग म्हणाली, "आमच्याकडे जिन्यातून नाही सांगत, फॅमिली ग्रुपवर टाकतात. 'आम्ही सहापर्यंत बाहेर.' आणि काका अंगठा देतात." तो अंगठा आम्ही तसाच उचलला.

सगळं जमलं असं नाही. मधली दहा-बारा मिनिटं रेंगाळतात, नायिकेचं माहेर जवळजवळ गायबच आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी दोन वाक्यं जास्त दिलीत. आबांची तक्रार वेगळी होती: "माझा पिक्चर कुठाय यात?" त्यांना वाचनानंतर दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी फोन आला, स्वेटरचा सीन तेवढा बदलू नका म्हणून. पण शूटिंग लगेच होणार नव्हतं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती, आणि छाटणीत द्राक्षवाल्याकडे पैसे मागायला जाणारा माणूस नाशकात नवखा समजला जातो.

शूटिंग झालं ते दिवाळीनंतर, नऊ दिवस. टोलच्या प्रसंगाला आबांचीच गाडी घेतली होती. कॅमेरा गाडीत, दिग्दर्शिका मागच्या सीटवर दबून बसलेली, आणि सासऱ्यांचे संवाद वाजवायला तिचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला. पहिला टेक उन्हाने गेला, दुसरा शेजारून गेलेल्या ट्रकच्या हॉर्नने. परत फिरायचं आणि पुन्हा नाका. तिसऱ्या टेकला नाका ओलांडला, कॅमेरा चालू होता, आणि स्पीकरवर खराच फोन वाजला.

"ताई, घोटीचा नाका विकत घेताय काय?"

नायकाने दचकून नायिकेकडे पाहिलं, नायिकेने तोंडावर हात घेतला, आणि आम्हाला सबंध फिल्ममधला सगळ्यात खरा क्षण मिळाला. आवाजात फार खरखर होती, म्हणून आबांना डबिंगला बोलावलं. कॉलेज रोडच्या स्टुडिओत कानाला हेडफोन लावून त्यांनी ते वाक्य वीसेक वेळा म्हटलं. रागाने म्हटलं, हसून म्हटलं, दिग्दर्शिकेने सांगितलं तसं म्हटलं. एकदाही तसं आलं नाही. शेवटी खरखरीसकट पहिलंच ठेवलं.